कळप दुसऱ्याचा

शेळी अर्धलीने पाळणाऱ्या बाईला विचारा, राखण म्हणजे काय. शेळी मालकाची, चारापाणी हिचं, होणारी करडं निम्मीनिम्मी. व्यवहार तोंडी असतो. पण एखाद्या रात्री बिबट्याने शेळी ओढून नेली, तर सकाळी ही बाई उसात शिरते, रक्ताचा माग काढते आणि खूर, कातड्याचा तुकडा, जे हाती लागेल ते घेऊन मालकाच्या दारात उभी राहते. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात आता बिल्ला असतो. जनावर दगावलं की विमेवाले आधी तो बिल्ला मागतात. बिल्ला दाखवता आला नाही, तर भरपाई अडते.

ही रीत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तकोवा गावचा आमोस नावाचा एक गुराखी संदेष्टा झाला. त्याने एक दृश्य रंगवलं आहे: मेंढपाळ सिंहाच्या जबड्यातून मेंढराचे दोन पाय किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो. मेंढरू तर गेलेलंच असतं. मग कानाच्या तुकड्यासाठी जीव धोक्यात का घालायचा? कारण मेंढरू त्याचं नव्हतं. मोशेच्या नियमशास्त्रात तसा स्पष्ट नियम आहे. राखणीला दिलेलं जनावर श्वापदाने फाडलं, तर राखणदाराने उरलेले अवशेष पुराव्यासाठी आणावेत. मग त्याच्यावर भरपाई येत नाही. तो कानाचा तुकडा म्हणजे राखणदाराचा जबाब होता: मी झोपलो नव्हतो, विकून खाल्लं नाही, शेवटपर्यंत झुंजलो.

ख्रिस्ती मंडळीत नेत्याला 'पाळक' म्हणतात, ते याच मुशीतून. हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातली अट विसरतो. पाळक मालक नसतो. कळप दुसऱ्याचा असतो आणि एक दिवस त्याचा हिशेब द्यायचा असतो. मंडळीतला खरा नेता कोण, याचं उत्तर मला याच अटीत सापडतं. वक्तृत्व, विद्वत्ता, संघटनकौशल्य हे सगळं उपयोगाचं आहे, पण ते नंतरचं.

नावं कामाची, मानाची नव्हेत

चर्चमधल्या पदांची नावं आज भारदस्त वाटतात. बिशप म्हटलं की उंच टोपी आणि हातातला दंड डोळ्यांपुढे येतो. मुळात हा ग्रीक 'एपिस्कोपोस' या शब्दाचा अपभ्रंश आहे आणि त्याचा अर्थ एवढाच: वरून लक्ष ठेवणारा, देखरेख करणारा. 'प्रेस्बिटर' म्हणजे वयाने, अनुभवाने वडील. 'डीकन' हा शब्द आला 'डियाकोनोस'वरून, म्हणजे सेवा करणारा, पंगतीत वाढणारा. तो दंडसुद्धा मेंढपाळाची आकडेवाली काठीच आहे. ग्रीक भाषेत राज्यकर्त्यासाठी आणि मंदिरातल्या याजकासाठी वेगळे, वजनदार शब्द होते. नव्या करारात मंडळीतल्या सेवकांच्या पदांना ते लावलेले नाहीत. तिथे कामाचे शब्द आहेत: राखणं, वाढणं, लक्ष ठेवणं.

नेतृत्वाची पहिली वाटणी कशातून झाली, तेही पाहण्यासारखं आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधल्या पहिल्या मंडळीतलं भांडण आहे. रोज विधवांना अन्न वाटलं जाई. ग्रीक बोलणाऱ्या कुटुंबांची तक्रार आली की आमच्या विधवांना डावललं जातं. तक्रार भाकरीची होती आणि तिच्या मागे भाषेचा, आपल्या-परक्यांचा भेद होता. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. सात माणसं निवडायला सांगितली. अट अशी की ती नावलौकिकाची, शहाणी आणि आत्म्याने भरलेली हवीत. निवडलेल्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच भाषेतली माणसं कोठारावर बसवली गेली असावीत, असा या नावांचा सरळ अर्थ निघतो. डावललेल्यांच्या हाती किल्ली द्यायला मोठं मन लागतं. चर्चच्या इतिहासात प्रशासनाचा पहिला निर्णय हा असा होता.

पुढे पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीचा अध्यक्ष कसा असावा, याची यादी आहे. ती वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. संयमी, पाहुणचार करणारा, मद्यपी नसलेला, मारामारी न करणारा, पैशाचा लोभ नसलेला, घर नीट चालवणारा, बाहेरच्या लोकांतही चांगलं नाव असलेला. या सगळ्या यादीत कौशल्य म्हणता येईल असं फारच थोडं आहे: शिकवण्याची हातोटी आणि घर सांभाळण्याची रीत. बाकी सगळा स्वभाव. नुकताच विश्वासात आलेला माणूस नको, असंही तिथे बजावलं आहे. पद लवकर मिळालं तर गर्व चढतो म्हणून.

मोजल्याशिवाय हरवलेलं कळत नाही

शंभर मेंढरांतलं एक हरवलं आणि मेंढपाळ नव्व्याण्णव मागे ठेवून त्याच्या शोधात निघाला, हा येशूचा दाखला सर्वांना ठाऊक आहे. या दाखल्यात प्रेम आहे, पण प्रेमाच्या आधी मोजणी आहे. एक कमी आहे हे कळण्यासाठी संध्याकाळी वाघराच्या तोंडाशी उभं राहून प्रत्येक मेंढरू मोजावं लागतं. जो मोजत नाही, त्याला हरवल्याचा पत्ताच लागत नाही. त्याला कळप नेहमी भरलेलाच दिसतो.

सहाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये असा मोजणारा एक माणूस होता. ग्रेगरी हा रोमच्या श्रीमंत घराण्यातला. तरुणपणीच शहराचा मोठा अधिकारी झाला. मग नोकरी सोडली, वडिलोपार्जित वाड्याचा मठ केला आणि साधू झाला. 590 मध्ये प्लेगने शहर पोखरलं होतं. त्याच साथीत पोप पेलाजियस वारले आणि लोकांनी ग्रेगरीला त्यांच्या जागी निवडलं. हे ओझं टाळण्यासाठी त्याने धडपड केली, पण सुटका झाली नाही. पद स्वीकारल्यावर लवकरच त्याने पाळकांच्या कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. पुढे मध्ययुगात ते युरोपभर धर्मगुरूंच्या हाती असे. इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाने नवव्या शतकात त्याचा आपल्या लोकांच्या भाषेत अनुवाद केला. माणसामाणसाचा स्वभाव वेगळा असतो. गरिबाला एका सुरात बोलावं लागतं, श्रीमंताला दुसऱ्या. भित्र्याला धीर द्यावा लागतो, उद्दामाला आवरावं लागतं, हे त्या पुस्तकाचं मर्म. सगळ्यांना एकच प्रवचन लागू पडत नाही.

ग्रेगरीच्या नवव्या शतकातल्या चरित्रकाराने दोन गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत. पहिली अशी की, पोपच्या दफ्तरात एक जाडजूड वही होती आणि मदत मिळणाऱ्या माणसांची नावं तीत टिपलेली होती. दुसरी अशी की, रोमच्या एका गल्लीत एक भिकारी मेलेला आढळला, तेव्हा ग्रेगरीने काही दिवस मिस्सा अर्पण केली नाही. जणू त्या माणसाला आपणच मारलं, असं त्याने मानलं. वहीत त्या भिकाऱ्याचं नाव नसावं. मोजणीतून एक सुटला होता. 'देवाच्या सेवकांचा सेवक' हे बिरुद ग्रेगरीने आपल्या पत्रांत रूढ केलं आणि आजही ते पोपच्या पदव्यांत आहे. त्या वहीमुळे मला ते बिरुद खरं वाटतं.

कमरेचा रुमाल

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, पवित्र गुरुवारी, कॅथलिक चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. फादर बाहेरचा भरजरी झगा उतरवून ठेवतात, कमरेला पांढरा रुमाल बांधतात आणि समोर बसलेल्या बारा जणांपुढे एकेक करून गुडघे टेकतात. कोणाची टाच भेगाळलेली असते, कोणाच्या नखात शेतातली माती असते, कोणी संकोचाने पाय मागे ओढतो. तांब्यातून पाणी पडतं, घमेल्यात साचतं, रुमाल ओला होतो. येशूने शेवटच्या जेवणाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. त्या काळी हे काम घरातल्या दासाचं होतं. म्हणूनच पेत्राने आधी नकार दिला. आपला गुरू आपल्या पायांशी बसलेला त्याला पाहवला नाही.

2013 च्या पवित्र गुरुवारी नव्यानेच निवडून आलेले पोप फ्रान्सिस रोमच्या कासाल देल मार्मो या बालसुधारगृहात गेले आणि तिथल्या बारा तरुण कैद्यांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुस्लीमही होते. तोवर हा विधी पुरुषांपुरता होता. 2016 मध्ये त्यांनी नियमच बदलला आणि स्त्रियांनाही त्यात स्थान मिळालं.

विधी वर्षातून एकदाच होतो. प्रश्न दुसऱ्या दिवसापासूनचा आहे. वेदीपाशी वाकलेला माणूस कार्यालयात आल्यावरही वाकतो का? दाखला मागायला आलेल्या विधवेला बाकावर ताटकळत ठेवतो की खुर्ची देतो? अशा वेळी कमरेचा रुमाल कोणाला दिसत नाही, आणि तो बांधलेला आहे की सुटला, हे तेव्हाच ठरतं.

पदाविना नेतृत्व

नेता होण्यासाठी दीक्षा घ्यावीच लागते, असा समज असेल तर केडगावला जाऊन यावं. पुणे–दौंड लोहमार्गावरच्या या गावात पंडिता रमाबाईंनी उभारलेलं मुक्ती मिशन आजही आहे. रमाबाई पाळक नव्हत्या, त्या काळी स्त्रीला ते पद मिळणं शक्यच नव्हतं. पण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजात त्यांच्याएवढी राखण फार थोड्यांनी केली असेल.

रमाबाईंनी भूक पाहिली होती. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थयात्रा करत हिंडताना त्यांचे आईवडील गेले. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ज्यांच्या आश्रयाला त्या होत्या त्या अँग्लिकन भगिनींपुढे त्यांनी मान तुकवली नाही. विश्वास स्वीकारला याचा अर्थ विचार गहाण टाकला असा होत नाही, हे त्यांनी पत्रांतून ठणकावून सांगितलं. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. मग 1896–97 चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने खंगलेल्या, दलालांच्या तावडीत सापडू शकणाऱ्या मुलींना गोळा करून घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि केडगावच्या माळरानावर सुमारे दोन हजार माणसांची वस्ती झाली.

या वस्तीत फक्त प्रार्थना आणि भाकरी नव्हती. विणकाम होतं, शेती होती, दुभती जनावरं होती, छापखाना होता. अंध स्त्रियांसाठी वेगळं घर होतं आणि त्यांना ब्रेल लिपी शिकवली जाई. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी सगळं बायबल उतरवलं. त्या कामाला अनेक वर्षं लागली. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, पानं बांधणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या. दुष्काळात ज्यांना कोणी मोजलं नव्हतं, त्यांच्या हातून बायबलची पानं छापून निघत होती. 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. मुक्तीचा कारभार पुढे तीच सांभाळेल, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्यानंतर वर्षभराच्या आतच, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाईही गेल्या. बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. वारस गेली, संस्थापिका गेली, तरी मुक्ती उभी राहिली. संस्था आपल्यावाचून चालावी अशा रीतीने ती बांधणं, ही नेत्याची मोठी कसोटी असते.

आपल्यासारखे आणखी घडवणारा

हीच कसोटी तेलुगू मुलखात एका तमिळ माणसाने दिली. वेदनायगम सॅम्युअल अझरिया यांचा जन्म 1874 मध्ये तिरुनेलवेली भागातल्या एका खेड्यातल्या पाळकाच्या घरी झाला. भारतात सुवार्तेचं काम भारतीय पैशाने आणि भारतीय माणसांनी करावं, या ध्यासातून 1903 मध्ये तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःची मिशन संस्था काढली. तिच्या प्रवर्तकांत अझरिया होते. ती संस्था निजामाच्या राज्यातल्या डोर्नाकल भागात काम करू लागली. 1909 मध्ये अझरिया स्वतः तिथे राहायला गेले आणि तेलुगू शिकले.

1910 च्या जूनमध्ये एडिंबरा येथे जगभरच्या मिशनऱ्यांची परिषद भरली. तिथे अझरियांना बोलायला सांगितलं होतं. त्यांनी परदेशी मिशनऱ्यांच्या त्यागाचे आभार मानले आणि मग सभागृहाला अवघडून टाकणारी मागणी केली: तुम्ही आम्हाला पुष्कळ दिलंत, आता आम्हाला मैत्री द्या, बरोबरीने वागवा. काहींना ते झोंबलं. दोन वर्षांनी, 29 डिसेंबर 1912 रोजी, कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले.

बिशप झाल्यावर त्यांनी खेडी धरली. त्यांच्या मंडळींतले बहुसंख्य लोक माला आणि मादिगा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले, बहुतेक निरक्षर शेतमजूर होते. अझरियांनी खेडोपाडी शिक्षक तयार केले आणि भारतीय पाळक घडवले. त्यांच्याविषयी असं सांगतात की, बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावत: हे शुभवर्तमान मी दुसऱ्याला सांगितलं नाही, तर माझी धडगत नाही. म्हणजे पाण्यातून बाहेर पडणारा मजूर त्याच दिवशी जबाबदारी घेत असे. डोर्नाकलचं कॅथेड्रल 1939 मध्ये पूर्ण झालं. त्यात मंदिरासारखे खांब आहेत आणि मशिदीसारखे घुमट व मिनार आहेत. ही वास्तू परक्याची उसनी वाटू नये, हा त्यामागचा विचार होता. 1 जानेवारी 1945 रोजी अझरिया वारले, तेव्हा मागे उरली ती स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली मंडळी.

लांडगा येतो तेव्हा

योहानाच्या शुभवर्तमानात येशूने मजुरीवर ठेवलेल्या राखणदाराची गोष्ट सांगितली आहे. लांडगा दिसताच तो पळतो, कारण मेंढरं त्याची नसतात. इथे एक शंका येते. कळप आपला नाही हे नेत्याने विसरू नये, असं मी आतापर्यंत म्हणत आलो. आणि इथे तर कळप आपला नाही म्हणूनच माणूस पळतो आहे. म्हणजे राखणदार तीन प्रकारचे झाले. एक कळप आपलाच मानतो आणि कापून खातो. दुसरा कळप परक्याचा मानतो आणि वेळ येताच पळतो. तिसऱ्याला कळप दुसऱ्याचा आहे हे ठाऊक असतं, आणि ज्याचा आहे त्याच्यावर जीव असल्यामुळे तो जागचा हलत नाही. पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी येशूने पेत्राला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का, आणि तीनदा काम सोपवलं. दर वेळी शब्द होता 'माझी'. माझी कोकरं, माझी मेंढरं. पेत्राची ती कधीच झाली नाहीत.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या लहानशा देशात ऑस्कर रोमेरो फेब्रुवारी 1977 मध्ये आर्चबिशप झाले. ते पुस्तकी, जुन्या वळणाचे, सरकारशी जुळवून घेणारे आहेत असा समज होता. तीनच आठवड्यांत त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे यांची गोळ्या घालून हत्या झाली. सोबत एक वृद्ध आणि एक मुलगाही मारला गेला. ग्रांदे भूमिहीन शेतमजुरांत काम करत होते. त्या रात्री मृतदेहांपाशी उभे राहिलेले रोमेरो बदलले, असं त्यांना ओळखणारे सांगतात.

पुढची तीन वर्षं त्यांची रविवारची प्रवचनं चर्चच्या रेडिओवरून देशभर ऐकली जात. बायबलवर बोलून झालं की ते त्या आठवड्याचा अहवाल देत: कोण मारलं गेलं, कोणाला उचलून नेलं, कोण बेपत्ता आहे. नावासकट, गावासकट. वर्तमानपत्रं गप्प असताना मुलाचा शोध घेणारी आई रेडिओला कान लावून बसे. रेडिओ केंद्रावर बॉम्ब टाकले गेले, तरी नावं वाचली जात राहिली. मला यात आमोसचा मेंढपाळ दिसतो. मेंढरू वाचवता आलं नाही; पण कानाचा तुकडा हातात धरून तो मालकापुढे आणि जगापुढे उभा आहे. 23 मार्च 1980 च्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना आपल्याच माणसांना मारणं थांबवण्याची आज्ञा केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कर्करुग्णांच्या ज्या रुग्णालयाच्या आवारातल्या साध्या खोल्यांत ते राहत, तिथल्याच छोट्या प्रार्थनागृहात, मिस्सा अर्पण करत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. 2018 मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं.

प्रत्येक लांडगा बंदूक घेऊन येत नाही. वसईत तो जमिनीच्या आणि पाण्याच्या व्यवहारातून आला. विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जाऊ लागलं, वाड्यांवर इमारती उठू लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून लोकांना उभं केलं. धर्मगुरूने पाण्यावर, झाडांवर, गुंडगिरीवर का बोलावं, असं विचारणारे होतेच. पण कळपाचं पाणी तुटत असताना मेंढपाळाने कुरणाबद्दल गप्प कसं राहायचं? फादर दिब्रिटोंनी 'सुवार्ता' मासिक अनेक वर्षं चालवलं, मराठीत बायबल आणलं आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. जुलै 2024 मध्ये ते गेले, तेव्हा वसईतल्या सगळ्या धर्मांच्या माणसांनी आपला माणूस गेला असं मानलं. बाहेरच्या लोकांतही चांगलं नाव असावं, ही तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातली अट अशी पुरी होते.

मालक होऊन बसलेले

मेंढपाळ कळपावर मालकी सांगू लागला तर काय होतं, हेही चर्चने पाहिलं आहे. 2002 मध्ये बोस्टन शहरातल्या वर्तमानपत्राने उघड केलं की, मुलांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप असलेल्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षं एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवलं जात होतं आणि तिथल्या आईबापांना काही सांगितलं जात नव्हतं. संस्थेचं नाव जपलं गेलं आणि कोकरं लांडग्यापुढे सोडली गेली. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये बोस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावं लागलं. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात यहेज्केल संदेष्ट्याने नेमक्या अशाच मेंढपाळांवर आग ओकली होती. दूध पितात, लोकर पांघरतात, पुष्ट मेंढरं कापतात. पण जखमीला पट्टी बांधत नाहीत, हरवलेल्याला शोधत नाहीत, असा त्याचा आरोप होता. त्या बोलांना आजही धार आहे, कारण दुखणं तेच आहे.

म्हणून नेता चांगला आहे एवढ्यावर मंडळीने विसंबू नये. त्याला तपासता आलं पाहिजे. पौलाने हे स्वतः करून दाखवलं. यरुशलेममधल्या गरिबांसाठी त्याने ग्रीक मंडळींकडून मोठी वर्गणी गोळा केली, पण ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी स्वतः निवडलेली माणसं सोबत घेतली. इतका मोठा ऐवज हाताळताना कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये, असं कारणही त्याने लिहून ठेवलं आहे. तंबू शिवून पोट भरणाऱ्या, स्वतःवर पूर्ण विश्वास असणाऱ्या माणसाने हे केलं.

आमच्या मंडळीत उपासना संपली की मागच्या खोलीत टेबलावर दानाची पिशवी उलटी करतात. दोन पंच समोरासमोर बसतात. नोटा वेगळ्या, नाण्यांच्या चळती वेगळ्या. एक मोजतो, दुसरा पुन्हा मोजतो, मग वहीत आकडा आणि दोघांच्या सह्या. लहानपणी मला हा वेळकाढूपणा वाटे. आता वाटतं, वेदीवरच्या प्रार्थनेइतकंच ते टेबल पवित्र आहे. जो पाळक त्या टेबलापासून मुद्दाम दूर राहतो आणि दर वर्षी जमाखर्च मंडळीपुढे वाचून दाखवायला लावतो, त्याचं प्रवचन लोक वेगळ्या कानांनी ऐकतात.

पैशासारखंच प्रश्नांचं आहे. अंत्युखियात पेत्र यहुदी नसलेल्या भावांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही कडवे लोक येताच तो पंगतीतून उठला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर विरोध केला. पेत्र प्रेषितांमधला अग्रणी होता, तरी त्यालाही कोणी थांबवू शकत होतं. ज्या मंडळीत नेत्याला प्रश्न विचारणं म्हणजे देवाला विरोध करणं मानलं जातं, तिथे धोक्याची घंटा वाजवावी. आणि जायची वेळ ओळखणं हाही हिशेबाचाच भाग आहे. 2013 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी अंगातलं बळ सरल्याचं सांगून पद सोडलं. स्वेच्छेने पायउतार झालेले त्यांच्याआधीचे पोप होते पाचवे सेलेस्तिन, 1294 मधले. सातशे वर्षांत ही खुर्ची अशी सोडायला कोणी धजावलं नव्हतं. पाळकाची बदली झाली आणि तो चाव्या, वह्या, चालू कामं नव्या माणसाच्या हाती देऊन मुकाट गेला, तर ते लहान काम समजू नये.

दारातली हजेरी

आमच्या गावच्या एका पाळकसाहेबांची एक सवय होती. उपासना संपली की ते दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवत. मला वाटे, ही रीतभात आहे. नंतर कळलं की ते मोजत असत. घरी जाऊन जेवायच्या आधी सायकल काढत आणि जे हात त्या दिवशी हाती आले नव्हते, त्यांच्या घरी जात. कोणी तापाने पडलेला असे, कोणी कर्जापायी तोंड लपवत असे, कोणी पंचांशी भांडून रुसलेला असे. प्रवचन त्यांना फारसं साधत नव्हतं. वाक्य मध्येच तुटे, बायबलची पानं चाळताना ते अडखळत. तरी त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, माणसं त्यांचं नाव काढतात, ते त्या सायकलमुळे.

पाळक निवडायची, पारखायची वेळ आली की आवाज, पदवी, ओळखी यांची चर्चा होते. मी एवढंच पाहतो: आज मंडळीत कोण आलेलं नाही, हे त्याला ठाऊक आहे का? ठाऊक असेल, तर दुपारी सायकल काढायला तो तयार आहे का? आणि ज्याला तो वाचवू शकला नाही, त्याचा हिशेब द्यायला कानाचा तुकडा हातात घेऊन तो उभा राहील का?